मराठवाड्यात खोलीतली शेती: दिव्याखाली पहिला रॅक कसा उभा करावा

माळवदाच्या, म्हणजे जुन्या मातीच्या छताच्या, खोलीत लोखंडी रॅक उभा करून मी त्याला ट्यूबा बांधत होते, तेव्हा सासरे दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, बाहेर एवढं ऊन पडलंय, अन् तू आत दिवे लावून भाजी पिकवणार?"

त्यानंतर हाच प्रश्न मला बँकेत, लग्नात, बसमध्ये, सगळीकडे विचारला गेला. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देते. आमच्या पैठण तालुक्यात उजेडाची टंचाई कधीच नव्हती. पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, विहिरी तळ गाठतात आणि कोवळी पालेभाजी उभ्या उभ्या करपते. कोथिंबीर उगवलीच तर वीतभर होण्याआधी तुऱ्यावर येते. नेमक्या त्याच दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडीच्या बाजारात तिच्या जुडीचा भाव विचारायची सोय नसते. बंद खोलीत आपण पैसे मोजतो ते गारव्याचे आणि वाचवलेल्या पाण्याचे. खोली बंद केली की ऊन आत येत नाही, म्हणून दिवे लावावे लागतात. हा क्रम डोक्यात पक्का बसला की पुढचे निम्मे चुकीचे खर्च टळतात, कारण बहुतेक जण दिव्यांवर पैसे ओततात आणि गारव्याचा हिशेब शेवटी करतात. मीही तसंच केलं होतं.

हा लेख एका खोलीत एका रॅकनं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. कोटीच्या प्रकल्पाचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर एवढं लक्षात ठेवा: या धंद्यातल्या अमेरिकेतल्या मोठ्या नावांपैकी एरोफार्म्स जून २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली आणि बोवरी फार्मिंगनं नोव्हेंबर २०२४ मध्ये काम बंद केलं. भांडवल, तंत्रज्ञ, बाजार सगळं हाताशी असलेल्यांची ही गत झाली. आपण लहान सुरुवात करायची आणि प्रत्येक युनिट मोजायचं.

१. आधी पीक ठरवा

दिव्याखाली काहीही उगवतं. परवडतं मात्र फार थोडं.

ज्वारी, सोयाबीन, तूर यांचा विचारही करू नका. धान्याचे एक किलो दाणे तयार व्हायला झाडानं इतका उजेड खाल्लेला असतो की तो दिव्यातून द्यायचा तर शंभरावर युनिट वीज लागते. टोमॅटो, मिरची, काकडी यांनाही उजेड फार लागतो, शिवाय जागा अडते. परवडतं ते असं पीक, ज्याचं आपण जवळजवळ सगळंच खातो, जे बुटकं राहतं आणि महिना-सव्वा महिन्यात निघतं. माझ्या अनुभवातला क्रम असा:

* मायक्रोग्रीन्स, म्हणजे मुळा, मोहरी, सूर्यफूल, वाटाणा यांची आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं. शिकायला आणि पैसे सुटायला सगळ्यात सोपं.
* लेट्यूस (सॅलडची पानं) आणि बेसिल (परदेशी तुळस). हॉटेलचं गिऱ्हाईक आधी पक्कं असेल तरच.
* कोथिंबीर. एप्रिल ते जुलै एवढ्यापुरतीच.
* भाजीपाल्याची रोपं. प्रोट्रेमध्ये, म्हणजे खाचांच्या ट्रेमध्ये, थोड्या जागेत शेकडो रोपं बसतात, म्हणून दिव्याचा खर्च प्रत्येक रोपाला अगदी थोडा येतो. रोपवाटिका चालवणाऱ्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

आणि हे तंत्र आपल्याला अगदी परकं आहे असंही नाही. नांदेडकडे अर्धापूरच्या पट्ट्यात जी-नाइन जातीच्या केळीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं लागतात. ती प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत, दिव्यांच्या मांडणीवरच वाढलेली असतात. केळी लावणाऱ्या शेतकऱ्यानं दिव्याखालची शेती विकत घेतलेलीच आहे, फक्त तिला त्या नावानं कुणी ओळखत नाही.

२. खोली: उष्णता कुठून येते ते शोधा

पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करू नका. दुपारी पत्रा तापला की एसी अखंड चालतो आणि तरी खोली तीसच्या खाली येत नाही. स्लॅबची खोली चालते, पण गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग आणि आतून दोन इंच थर्माकोल किंवा पफ (फोम भरलेलं) पॅनल हवं.

तुमच्याकडे जुनं माळवद असेल तर तिकडे आधी बघा. आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद आहेत, दगड-मातीच्या. बाहेर बेचाळीस असताना बंद माळवदात तीस-बत्तीस असतं. म्हणजे एसीचं अर्धं काम आजोबा-पणजोबांनी करून ठेवलंय. पण माळवदाचे दोन त्रास आहेत. वरून माती झडते, म्हणून आतून छताला जाड प्लॅस्टिकचा कागद ताणून लावावा लागतो. आणि वाळवी. लाकडी मांडणी अजिबात करू नका, लोखंडी अँगलचाच रॅक घ्या. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून घ्यायला विसरू नका; आमच्याकडे एका वर्षी ती राहिली आणि जूनमध्ये ट्रेमध्ये गढूळ थेंब पडले.

दिवा जेवढी वीज खातो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. तीनशे वॅटचे दिवे म्हणजे खोलीत तीनशे वॅटची शेगडी सोळा तास चालू. १० बाय १२ च्या माळवदातल्या एका रॅकला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. तापमान २२ ते २४ अंशांवर ठेवा. त्याहून गार करणं म्हणजे पैसे जाळणं.

कूलरबद्दल हमखास विचारतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो हे खरं. पण तो बाहेरची धूळ आणि बुरशीचे कण आत ओढतो, हवा दमट करतो आणि दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी पितो. मायक्रोग्रीन्सच्या दाट ट्रेमध्ये दमटपणा म्हणजे मुळाशी कूज. मी एक उन्हाळा कूलरवर काढला आणि निम्मे ट्रे उकिरड्यावर टाकले.

एक सोपी युक्ती, जिला काही खर्च नाही: रोपांचा "दिवस" रात्री करा. माझे लेट्यूसचे दिवे संध्याकाळी सहाला लागतात आणि सकाळी दहाला बंद होतात. रोपांना काही फरक पडत नाही. भर दुपारी दिवे बंद असतात, म्हणून एसीवरचा ताण कमी होतो. स्मार्ट मीटर असलेल्यांनी मात्र आपलं बिल नीट वाचावं. दिवसाच्या तासांत दर कमी पडत असेल तर वीजदरातली सवलत आणि एसीची बचत यांचा हिशेब मांडूनच वेळ ठरवा.

खोलीत छोटे पंखे हवेतच, तेही पानांवर हलकी हवा खेळेल असे. हवा थांबली की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात. लोक म्हणतात कॅल्शियम कमी पडलं आणि वर खत वाढवतात. कॅल्शियम पाण्यात असतं, पण पानातून बाष्प उडत नाही म्हणून ते वरपर्यंत चढत नाही. पंखा लावला की बहुतेक वेळा थांबतं.

३. दिवे: वॅटवर जाऊ नका, उजेड मोजा

माझी पहिली फसवणूक इथेच झाली. एका विक्रेत्याकडून "६०० वॅट"चा जांभळा दिवा मागवला. शंका आली म्हणून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर जोडून पाहिला, तर आकडा ५८. खोक्यावरच्या वॅटला काही अर्थ नसतो. दोनच गोष्टी विचारा: दिवा प्लगमधून खरोखर किती वॅट घेतो, आणि एका वॅटमागे झाडाच्या उपयोगाचा किती उजेड देतो.

झाडाच्या उपयोगाचा उजेड म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला. तो दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतो, हे मायक्रोमोलमध्ये मोजतात आणि त्याला पीपीएफडी म्हणतात. चांगल्या शेती-दिव्याच्या माहितीपत्रकावर "२.५ मायक्रोमोल प्रति ज्यूल" किंवा त्याहून जास्त असा आकडा असतो. घरातली साधी एलईडी ट्यूब दीडच्या आसपास देते.

महागडा मीटर नको. फोनवर लक्स मोजायचं ॲप घ्या, फोन रोपाच्या उंचीवर आडवा ठेवा आणि पांढऱ्या एलईडीखाली आलेला आकडा ७० नं भागा. अंदाजे पीपीएफडी मिळतो. जांभळ्या दिव्याला हा भागाकार लागू पडत नाही. जांभळ्या उजेडात पानावरची कीड किंवा पिवळेपणाही दिसत नाही आणि डोळे दुखतात, म्हणून नवख्यांनी पांढराच दिवा घ्यावा.

किती उजेड हवा? मायक्रोग्रीन्सना १०० च्या आसपास, बारा तास. लेट्यूसला २०० च्या आसपास, सोळा तास. भर उन्हात हाच आकडा दोन हजारांपर्यंत जातो, यावरून सूर्य आपल्याला किती देतो ते कळेल.

आता माझ्या चार फूट बाय दोन फुटांच्या कप्प्याचा हिशेब. लेट्यूससाठी २० वॅटच्या साध्या ट्यूबा वापरल्या तर सहा लागतात, म्हणजे १२० वॅट. शेतीसाठीच्या चांगल्या एलईडी पट्ट्यांत तेच काम ७० वॅटमध्ये होतं. सोळा तास, पंचवीस दिवस: ट्यूबांना ४८ युनिट, पट्ट्यांना २८. कप्प्यात २४ रोपं, प्रत्येकी सरासरी १२० ग्रॅम धरलं तर पावणेतीन-तीन किलो लेट्यूस. म्हणजे चांगल्या दिव्यांवरही किलोला सुमारे दहा युनिट, एसी धरून चौदाच्या घरात. आपल्या दरानं गुणून पाहा.

मायक्रोग्रीन्सचा हिशेब याच कप्प्यात असा निघतो: दहा बाय वीस इंचांचे चार ट्रे, ४० वॅट, बारा तास, पाच दिवस. २.४ युनिटमध्ये साधारण एक किलो माल. हा फरक मी कागदावर मांडला त्या दिवसापासून लेट्यूसचे तीन कप्पे काढून तिथे मायक्रोग्रीन्स लावले.

४. वीज: जाणार हे गृहीत धरा

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. वावटळीत आमच्या फीडरच्या तारांवर कडुलिंबाचं झाड पडलं. दुपारी दीडला गेलेली वीज रात्री साडेआठला आली. तेव्हा माझ्याकडे पाइपमधून पाण्याची पातळ धार वाहती ठेवायची पद्धत होती. पंप थांबला की पाइपमध्ये पाणी उरतच नाही. दार उघडलं तेव्हा शहाण्णव रोपं उकडलेल्या भाजीसारखी पाइपवर आडवी पडली होती. रात्री पाणी सुरू केल्यावर काही उभी राहिली, पण दोन दिवसांनी मुळं ओढून पाहिली तर पांढऱ्याची तपकिरी झालेली, बोटाला बुळबुळीत लागणारी, आणि नासलेल्या डबक्याचा वास.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: आपल्या भागात पाइपची पद्धत घेऊ नका. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटला आतून जाड काळा कागद लावा, अर्धा वीत पाणी भरा आणि वर दोन इंचांचा थर्माकोल तरंगता ठेवून त्याच्या भोकांत रोपं बसवा. मुळं पाण्यातच असतात. वीज सहा तास गेली तरी रोप सुकत नाही. पाण्यात हवा सोडायला मासे पाळायच्या टाकीचा छोटा पंप लागतो, तो घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. इन्व्हर्टरवर एवढंच टाका: हवेचा पंप आणि पंखे. दिवे काही तास बंद राहिल्यानं पीक मरत नाही.

पाणी गरम झालं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मूळकूज सुरू होते. पाण्याचं तापमान २५ च्या आत ठेवा. वीज जाऊन पाणी तापायला लागलं तर फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दोन लिटरच्या बाटल्या क्रेटमध्ये सोडा. माझ्या फ्रीजरमध्ये मार्च ते जून अशा सहा बाटल्या कायम असतात.

एक धोक्याची सूचना. क्रेटमधलं पाणी जड असतं. चार बाय दोनच्या कप्प्यात सहा इंच पाणी भरलं तर शंभर किलोच्या वर वजन होतं. पाण्याचे क्रेट खालच्या दोन कप्प्यांतच ठेवा, वरचे कप्पे ट्रेंना द्या आणि रॅक भिंतीला बांधून टाका.

पाणी, लोखंड आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा वायरमनच्या हातून नीट अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. जोडण्या कप्प्याच्या वर असाव्यात, पाण्याच्या खाली लोंबकळत्या नकोत. घरात लहान मुलं असतील तर हा खर्च दिव्यांच्याही आधी करा.

मीटरचं: घरगुती मीटरवर प्रयोग करा, पण विक्री सुरू झाली की महावितरणच्या उपविभाग कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या. दरपत्रकात कृषीपंपाखेरीज "शेती - इतर" असा वेगळा वर्ग आहे, हरितगृह, ऊतिसंवर्धन, मशरूम अशा कामांसाठी. तुमचं काम त्यात बसतं का, याचं उत्तर लेखीच घ्या. तोंडी "चालतंय की" वर राहू नका.

५. पाणी

आमच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं. भांड्यावर पांढरा थर बसतो ना, तोच थर मुळांवर आणि पंपावर बसतो. आधी पाणी तपासा: जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा. खरपुडी, अंबाजोगाई, तुळजापूर, सगरोळी, तोंडापूर इथे केंद्रं आहेत, तुमच्या जवळचं गाठा. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) तीनशेच्या आत असेल तर तसंच वापरा. त्याहून जास्त असेल तर आरओचं पाणी आणि बोअरचं पाणी मिसळून वापरा. आरओमधून बाहेर पडणारं पाणी फेकू नका, फरशी धुवायला आणि लिंबा-शेवग्याला चालतं.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे मुख्यतः रोपांनीच हवेत सोडलेली वाफ. झाकणाच्या बादलीत साठवून मी ते खताच्या पाण्यात परत घेते. मायक्रोग्रीन्सवर मात्र ते फवारत नाही, कारण तो माल कच्चा खाल्ला जातो.

चोवीस लेट्यूसना पंचवीस दिवसांत मला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना या आकड्याची किंमत सांगायला नको.

६. खत: १९:१९:१९ चा मोह टाळा

ठिबकवाल्या प्रत्येकाच्या घरात १९:१९:१९ या विद्राव्य खताची पिशवी असते, म्हणून नवखे तीच पाण्यात ओततात. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, पाण्याच्या क्रेटमध्ये ते काम नीट होत नाही. आणि त्यात कॅल्शियम नसतोच. रोपं आठवडाभर हिरवीगार दिसतात आणि मग शेंडे जळतात.

तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातच सगळं मिळतं. आरओच्या १०० लिटर पाण्याला मी घेते ते प्रमाण:

* कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम
* १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ४० ग्रॅम
* ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) १५ ग्रॅम
* मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम
* ईडीटीए फेरस (लोह), १२ टक्क्यांचं, २ ग्रॅम
* चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, पाकिटावरच्या फवारणीच्या प्रमाणाच्या अगदी थोडी

यातलं कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा, बाकीचं दुसऱ्या बादलीत. घट्ट द्रावणं एकमेकांत कधीच मिसळू नका. कॅल्शियमला सल्फेट आणि फॉस्फेट भेटलं की पांढरा गाळ खाली बसतो आणि खत वाया जातं. आधी क्रेटमध्ये पूर्ण पाणी भरा, एक द्रावण घाला, ढवळा, मग दुसरं. ईसी, म्हणजे पाण्यात खत किती विरघळलंय याचं मीटरवरचं माप, दीडच्या आसपास येईल. लेट्यूसला १.२ ते १.८ चालते, लहान रोपांना निम्मीच द्या.

पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) साडेपाच ते साडेसहामध्ये ठेवा. आपल्या पाण्यात तो रोज वर सरकतो. खाली आणायला फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब घालतात. हातमोजे घाला, आणि ॲसिड पाण्यात घाला. पाणी कधीही ॲसिडमध्ये ओतू नका. मीटर दर पंधरवड्याला तपासणीच्या द्रावणात घालून नीट करून घ्या. माझा मीटर एकदा महिनाभर चुकीचा दाखवत होता आणि मी बियाण्याला दोष देत होते.

मायक्रोग्रीन्सना यातलं काहीच लागत नाही. बियाण्यातली शिदोरी त्यांना पुरते.

७. पहिला ट्रे: मुळा लावा

पहिला महिना फक्त मुळा. उगवण जोरदार असते आणि चूक झाली तर दोन दिवसांत दिसते.

बियाणं: कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी किंवा निळा लेप असलेलं बियाणं मायक्रोग्रीन्सला वापरायचं नाही. तो लेप बुरशीनाशकाचा असतो. शेतात दीड-दोन महिन्यांनी मुळा निघतो तेव्हा गोष्ट वेगळी, इथे आपण आठव्या दिवशी तेच कोवळं रोप कच्चं खातो. पाकिटावर "प्रक्रिया न केलेलं" असं लिहिलेलं असेल तेच घ्या. या एका बाबतीत घासाघीस किंवा काटकसर नको, समोरच्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दीड इंच पसरा. मुठीत दाबल्यावर पाण्याचे दोन-चार थेंब पडतील एवढंच ओलं. ३० ग्रॅम बी सारखं पसरा (मोहरी असेल तर १५ ते २०), वर पाणी फवारा. वर रिकामा ट्रे उपडा नको, सुलटा ठेवा आणि त्यात दोन विटा. तीन दिवस अंधारात. वजनाखाली मुळं खाली घुसतात आणि रोपं एकसारखी उठतात. तिसऱ्या दिवशी ती विटांसकट ट्रे उचलून धरलेली दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

याच दिवशी मला भीतीनं फोन येतात की बुरशी आली. खोडाच्या बुडाशी पांढरा, बारीक लव असलेला कापूस दिसतो. त्यावर पाणी फवारा. लगेच दिसेनासा झाला तर ती मुळांची केसं आहेत, रोप एकदम निरोगी आहे. जाळ्यासारखी पसरलेली, करडी, फवारल्यावरही राहणारी आणि वास मारणारी असेल तर ती बुरशी. तो ट्रे खोलीबाहेर न्या, साबणानं धुवा आणि पुढच्या वेळी बी कमी पसरा.

चौथ्या दिवसापासून दिवा. पाणी आता वरून नको, खालच्या ट्रेमधून द्या. आठव्या ते दहाव्या दिवशी स्वच्छ कात्रीनं कोकोपीटच्या वरून कापा. कापायच्या आधी आठ तास पाणी देऊ नका. ओला माल डब्यात दुसऱ्या दिवशी काळा पडतो. एका ट्रेला २०० ते ३०० ग्रॅम निघतो. डबा भरून लगेच चार-पाच अंशांच्या फ्रीजमध्ये.

वाटाणा आणि सूर्यफूल रात्रभर भिजवून घ्यावं लागतं. मुळा, मोहरीला भिजवू नका.

८. कोथिंबीर

धणे पोत्यावर पसरून चपलेच्या तळानं हलके रगडा, प्रत्येकाच्या दोन फाकी व्हायला हव्यात. बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून ठेवा, मोड डोकावले की लावा. किराणा दुकानातले धणे जुने असले तर पाव भागही उगवत नाहीत, आधी पन्नास दाणे फडक्यात बांधून पाहा.

लेट्यूसचा सोळा तासांचा उजेड हिला देऊ नका. लांब दिवस आणि उष्णता मिळाली की ती पानं सोडून तुऱ्याला लागते. बारा तास उजेड, २० ते २३ अंश. पस्तीस-चाळीस दिवसांत काढणी. हिवाळ्यात हे करू नका; जानेवारीत पैठणच्या बाजारात कोथिंबीर पाच रुपयांना मिळते, तिच्याशी तुमची वीज कशी स्पर्धा करणार? मी मार्चच्या शेवटी पहिला लाग करते आणि जुलैत थांबते.

९. गिऱ्हाईक

रॅक घ्यायच्या आधीच हे करा. मुळ्याचे चार ट्रे कुणाच्या तरी बाल्कनीतल्या उजेडात वाढवा, डबे भरा आणि शहरातल्या हॉटेलांच्या मागच्या दारानं आचाऱ्याला भेटा. मालकाला नको, आचाऱ्याला. दुपारी तीन ते पाच त्याला वेळ असतो. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळच्या पाहुण्यांमुळे असा माल वापरणारी हॉटेलं आहेत. मला पहिल्या आचाऱ्यानं सांगितलं, "ताई, माल छान आहे, पण मला शुक्रवारी लागतो. मंगळवारी आणून काय करू?" तेव्हापासून मी पेरणी कापणीच्या वारावरून मागे मोजून ठरवते. शुक्रवारी सकाळी माल द्यायचा तर मुळ्याचं बी आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी ट्रेमध्ये पडलंच पाहिजे.

जाधववाडीच्या अडत्याकडे मायक्रोग्रीन्स नेऊ नका. तिथे जुडी आणि क्रेटचा हिशेब चालतो. कोथिंबीर मात्र तिथेच न्या.

१०. कागदपत्रं

* आधार, पॅन, बँक पासबुक
* उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात
* अन्न सुरक्षा नोंदणी. कापून, डब्यात भरून विकताना हॉटेलवाले हा क्रमांक मागतातच
* डब्यावरचं लेबल: मालाचं नाव, वजन, भरल्याची तारीख, किती दिवसांत वापरावा, तुमचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक
* जागेचा पुरावा: गावठाणात घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, शेतात असेल तर सातबारा आणि आठ-अ
* पाणी तपासणीचा अहवाल
* अनुदानासाठी अर्ज करणार असाल तर शेतकरी ओळख क्रमांक आणि महाडीबीटीवरची नोंद

अनुदानात सगळ्यात मोठा खड्डा एकच आहे. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी किंवा बांधकाम केलं की बिलं धरली जात नाहीत. आमच्या शेजारच्या गावातल्या एका भावानं शेडनेट आधी उभं केलं आणि नंतर अर्ज केला, त्याला एक रुपया मिळाला नाही. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा, सध्या कोणत्या घटकाला मंजुरी आहे ते विचारा, आणि संमतीचं पत्र हातात पडेपर्यंत पाकीट उघडू नका. अनुदान मिळेल या भरवशावर कर्ज तर मुळीच काढू नका.

११. रोजची वही

खोलीच्या दाराला दोरीनं एक वही बांधा. दिवे लागायच्या वेळी पाच आकडे लिहा: खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, ईसी, पीएच आणि मीटरवरचं युनिट. पाच मिनिटांचं काम आहे. युनिट एकदम वाढले तर एसीची जाळी धुळीनं भरलेली असते, आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ती दर आठवड्याला धुवावी लागते. ईसी चढत असेल तर रोपं खतापेक्षा पाणी जास्त पीत आहेत, साधं पाणी घाला. ईसी उतरत असेल तर खत कमी पडतंय.

सध्या आमच्या वहीत आकडे सासरे लिहितात. संध्याकाळी सहाला चष्मा लावून खोलीत जातात, आणि पाण्याचं तापमान पंचविसाच्या वर असलं की मला हाक न मारता स्वतःच फ्रीजरमधली बाटली काढून क्रेटमध्ये सोडतात.